बॉम्बपाशी एक, मागे दोघे

गेल्या अंकात या सदरातून मी वाचकांना एक युद्धपट मुद्दाम पाहायला सांगितला होता, कॅथरीन बिगेलो यांचा 'द हर्ट लॉकर'. २००४ सालचं बगदाद, अमेरिकी सैन्याचं तिघांचं बॉम्बनाशक पथक आणि त्यांची तैनाती संपायला उरलेले दिवस, एवढीच त्याची गोष्ट. पथकप्रमुख मारला जातो. त्याच्या जागी सार्जंट विल्यम जेम्स येतो. हात कुशल, स्वभाव बेदरकार. सार्जंट सॅनबॉर्न आणि तरुण एल्ड्रिज या दोघांना बंदुका रोखून त्याच्या मागे उभं राहायचं असतं.

नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी भरभरून लिहिलं, काहींनी रागानेही. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकवण्यात गेली. सिनेमाकडे बघायची माझी नजर तिथली आहे.

सहा ऑस्कर मिळाले म्हणून सगळं कुटुंब घेऊन बसलो. अर्ध्या तासात मुलं उठून गेली. एक बॉम्ब, मग दुसरा, मग तिसरा. कथा पुढे सरकतच नाही. तुम्हाला यात एवढं काय दिसलं?
*एक वाचक, इंदिरानगर*

पहिली दहा मिनिटं पुन्हा पाहा, एवढी विनंती करतो. रस्त्यात बॉम्ब आहे. यंत्रमानव पुढे पाठवला जातो, पण त्याच्यामागे जोडलेल्या छोट्या गाडीचं चाक निखळतं. म्हणून सार्जंट थॉम्सनला तो जाडजूड सूट चढवून स्वतः जावं लागतं. काम उरकून तो परत फिरतो आणि तेवढ्यात खाटकाच्या दुकानापाशी एका माणसाच्या हातात मोबाइल दिसतो. एल्ड्रिज ओरडत धावतो, बंदूक रोखतो, गोळी मात्र झाडत नाही. स्फोट होतो.

तो स्फोट नीट बघा. आपल्याला सिनेमांनी स्फोट म्हणजे लालपिवळ्या आगीचा लोळ बघायची सवय लावली आहे. तो पेट्रोलचा खेळ असतो. खरा दारूगोळा फुटतो तेव्हा ज्वाळा क्षणभर दिसते न दिसते. माणूस मरतो तो हवेच्या दाबाने आणि लोखंडाच्या तुकड्यांनी. बिगेलो यांनी अतिवेगवान कॅमेरा लावून तो दाब पडद्यावर दाखवला आहे. जमिनीवरची खडी एकदम वर उचलली जाते, आणि एका जुन्या मोटारीच्या टपावरचा गंज नि धूळ वाळक्या सालीसारखी सुटते. देवळालीच्या रेंजवर निरीक्षण चौकीतून दुर्बिणीला डोळा लावला की हेच दिसायचं. आधी माती उठते आणि आवाज मागून, सेकंद मोजत येतो. किलोमीटरभरासाठी साधारण तीन सेकंद. भगूर-लहवितकडच्या ज्यांच्या घरांची तावदानं सरावाच्या दिवशी थरथरतात, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

आणि सूट घातलेला माणूस मेला कसा, असं तुमच्या मुलांनी विचारलं असेल तर त्याचंही उत्तर त्याच दृश्यात आहे. सूट तुकडे अडवतो. जवळून आलेला दाब मात्र शरीराच्या आत पोहोचतो. सिनेमा हे बोलून दाखवत नाही. शिरस्त्राणाच्या काचेवर आतून उडालेलं रक्त दाखवतो आणि पुढे जातो. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारे युद्धपट फार नाहीत.

आता कथेचं. कथा बॉम्बांची नाहीच, सॅनबॉर्न आणि जेम्सची आहे. पहिल्या बॉम्बाच्या वेळी जेम्स धुराचा पडदा करून सॅनबॉर्नच्या नजरेआड होतो आणि सॅनबॉर्न चडफडतो. पुढे एका मोटारीतल्या बॉम्बाच्या वेळी जेम्स कानातला हेडसेटच काढून टाकतो, आणि काम संपल्यावर सॅनबॉर्न त्याला ठोसा मारतो. त्यानंतर वाळवंट येतं.

वाळवंटाचं ते दृश्य मी आमच्या पोरांना वर्गात दाखवलं असतं. लांबच्या एका घरातून कोणीतरी एकेक माणूस टिपतं आहे. सॅनबॉर्न मोठ्या रायफलीवर, जेम्स शेजारी दुर्बिणीवर. रायफल अडते, कारण काडतुसांना मेलेल्या सैनिकाचं रक्त चिकटलं आहे. एल्ड्रिज ती काडतुसं थुंकीने पुसतो, भीतीने त्याचे हात चालत नाहीत, आणि हाच बेदरकार जेम्स त्याला हळू आवाजात धीर देत राहतो. मग वाट बघणं. ऊन आहे, ओठांवर माश्या आहेत, आणि समोरचा मेला की जिवंत आहे हे कळायला मार्ग नाही. जेम्स रसाची पिशवी मागवतो, नळी लावतो आणि स्वतः न पिता सॅनबॉर्नच्या तोंडाला धरतो, कारण सॅनबॉर्नला डोळा रायफलीच्या दुर्बिणीवरून हलवता येत नाही. मागच्या बाजूला एल्ड्रिजला हालचाल दिसते. गोळी झाडू का, असं तो विचारतो आणि जेम्स निर्णय त्याच्यावर सोपवतो. ज्या मुलाने सुरुवातीला गोळी झाडली नाही, तो इथे झाडतो. कथा इथे सरकते. ठोसा मारणारा आणि ठोसा खाणारा एका नळीपर्यंत आले, तेही मैत्रीबद्दल एक शब्द न बोलता.

हे साधलं ते चित्रीकरणाच्या पद्धतीमुळे. छायालेखक बॅरी ॲक्रॉइड यांनी सुपर १६ या छोट्या फिल्मवर, एकाच वेळी तीन-चार हातातल्या कॅमेऱ्यांनी प्रसंग टिपले. नटांना कुठला कॅमेरा आपल्यावर आहे हे कळत नसे. त्यामुळे खिडकीतून, गच्चीवरून, गल्लीच्या टोकावरून कोणीतरी बघतंय ही भावना आपल्यालाही सोडत नाही. संकलनाचं ऑस्कर बॉब मुरॉव्स्की आणि क्रिस इनिस यांना मिळालं. ध्वनीची दोन्ही पारितोषिकंही याच चित्रपटाला गेली, आणि माझ्या मते ती सर्वांत रास्त. सूटच्या आतला श्वास ऐका. पुढच्या वेळी मुलांना मोबाइलवर दाखवू नका, आवाज चांगला असलेल्या टीव्हीवर दाखवा.

सुभेदारसाहेब, तिघं एका गाडीत बगदादभर फिरतात. ना एस्कॉर्ट, ना राखीव तुकडी. बॉम्बवाले एकाएकी नेमबाज होतात. रात्री तिघं तीन गल्ल्यांत शिरतात. हे सगळं आपण फौजींनी पाहून गप्प बसायचं?
*निवृत्त हवालदार, सिन्नर*

हवालदारसाहेब, गप्प बसायचं कारण नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांनीही हेच आक्षेप घेतले आहेत. काही बारीक आहेत. उदाहरणार्थ, यातल्या सैनिकांच्या अंगावर बारीक चौकटींच्या छपाईचा गणवेश आहे. गोष्ट २००४ ची, आणि तो गणवेश पलटणींना मिळू लागला २००५ पासून. एवढ्याने मी सिनेमा बाद करणार नाही. वाळवंटात एकटी गाडी हे त्याहून मोठं आहे. बॉम्बनाशक पथक जातं ते बाकीच्यांनी परिसर वेढून, रिकामा करून दिल्यावर. आपल्याकडेही सैन्यात हे काम सॅपर्सचं, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांचं, आणि त्यांच्याभोवती पायदळाचा घेरा असल्याशिवाय ते बॉम्बाला हात लावत नाहीत. नाशिककरांनी कुंभमेळ्यात पोलिसांचं बॉम्बशोधक आणि नाशक पथक पाहिलेलं आहे. आधी दोर बांधून गर्दी मागे सारली जाते, मग श्वान, मग माणूस.

नेमबाजीचा मुद्दाही तुमचा बरोबर आहे. अवजड रायफलीवर लांबचा नेम धरणं हे वेगळं प्रशिक्षण. तरी त्या दृश्यात मला वाट बघण्यातलं सत्य इतकं सापडलं, की मी तेवढी सूट दिली. तुम्ही देऊ नका, चालेल.

मला सर्वांत जास्त खुपतं ते दुसरंच. जेम्स हेडसेट काढतो तो प्रसंग. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीबाहेर मोटार उभी आहे, डिकीत स्फोटकं भरलेली. जेम्स आधी सूट उतरवतो, कारण एवढ्या स्फोटकांपुढे सूट असून नसल्यासारखा. हे एक वेळ समजतं. मग सॅनबॉर्न कानात बोलत राहतो, गच्चीवर माणसं जमताहेत, निघायला हवं, आणि जेम्स तो आवाजच बंद करतो.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या गन पोझिशनवर, म्हणजे तोफा लावलेल्या जागी, पहिल्या दिवशी काय शिकवतात. धोका दिसला तर कोणीही, अगदी काल भरती झालेल्या पोरानेही, 'स्टॉप' ओरडायचं आणि तोफ थांबली पाहिजे. त्या क्षणी हुद्दा बघायचा नसतो. कारण तोफेच्या मागे उभ्या माणसाला जे दिसत नाही ते कडेच्या माणसाला दिसतं. गोळा सुटला नाही तर तोफेचं मागचं दार उघडायची घाई करायची नाही, ठरलेला वेळ थांबायचं. रेंजवर न फुटलेला गोळा, आपल्या भाषेत ब्लाइंड, त्याला हात लावायचा नाही. खूण करायची आणि तो जागच्या जागी नष्ट करायचा. हे नियम कागदावर जन्मलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी हात किंवा जीव गेलेला आहे.

आता सिनेमा काय करतो बघा. सॅनबॉर्न ठोसा मारतो तिथपर्यंत मी पूर्ण त्याच्या बाजूने होतो. ठोसा खरा आहे. पण लगेच एक कर्नल येतो, जेम्सला शाबासकी देतो, आजवर किती बॉम्ब निकामी केलेस म्हणून विचारतो, आणि जेम्स आकडा सांगतो, ८७३. संपलं. हेडसेट काढण्याची किंमत ना वरिष्ठांकडून वसूल होते, ना पथकात कायमचा तडा जातो. ८७३ बॉम्ब निकामी करणारा माणूस ८७३ वेळा मागच्याचं ऐकलेला असणार, हे सिनेमाला सांगता आलं असतं. त्याने उलटं सांगितलं.

तिथून घसरण सुरू होते. छावणीपाशी डीव्हीडी विकणारा, जेम्सने जीव लावलेला पोरगा मेला असं समजून जेम्स एकटाच, साध्या कपड्यांत, पिस्तूल घेऊन छावणीबाहेर जातो. मग तेलाच्या टँकरच्या स्फोटानंतर तो दोघांना घेऊन अंधाऱ्या गल्ल्यांत शिरतो, तिघांना तीन वाटांनी पाठवतो, आणि एल्ड्रिजच्या पायात गोळी बसते. तीही त्याला ओढून नेणाऱ्यांवर यांनीच झाडलेल्या गोळ्यांतली. या भागात मी मनाने सिनेमाबाहेर पडलो. एल्ड्रिजला हेलिकॉप्टरकडे नेताना तो जेम्सला शिव्या घालतो, तेवढा एक क्षण खरा वाटतो. बाकी तो पाठलाग कुठल्याही सिनेमात चालला असता.

पटकथा लिहिणारे मार्क बोल पत्रकार. २००४ मध्ये ते इराकमध्ये अमेरिकी बॉम्बनाशक पथकासोबत राहून आले होते. म्हणून तर पहिल्या तासाला एवढा कस आहे. त्यांना खरी पद्धत ठाऊक होती, यात मला शंका नाही. शेवटाकडे नायकाला एकटं पाडल्याशिवाय थरार टिकणार नाही, असं वाटून त्यांनी ती सोडली. तिघं मिळून एक काम करतात तेव्हाच हा सिनेमा सर्वांत थरारक आहे, आणि ते त्यांनी स्वतःच वाळवंटात सिद्ध केलं होतं. म्हणून राग जास्त येतो.

शूटिंग खरंच इराकमध्ये झालं का?
*एक वाचक, पंचवटी*

नाही. २००७ च्या उन्हाळ्यात, शेजारच्या जॉर्डनमध्ये, मुख्यतः अम्मान शहरात आणि आसपास. त्या काळात इराकमधून जीव वाचवून आलेली खूप माणसं जॉर्डनमध्ये आश्रयाला होती आणि त्यांतल्या काहींनी या चित्रपटात लहानमोठी कामं केली. शेवटाकडे अंगाला बॉम्ब बांधलेला जो माणूस दिसतो, ते सुहैल अल-दब्बाज हे इराकी नट. नटांच्या चेहऱ्यावरचा घाम खरा आहे, एवढं नक्की.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. या सिनेमात इराकी माणसं फक्त खिडकीतून बघतात, पळतात किंवा मरतात. त्यांना नाव नाही, आवाज नाही. याला चांगला चित्रपट म्हणायचं का?
*एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड*

तुमचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटला.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तो तिथे महासंहारक शस्त्रं असल्याचं सांगून. ती कधी सापडली नाहीत. हे सैनिक बगदादच्या रस्त्यावर का आहेत, याचं उत्तर या चित्रपटात कुठेही नाही. बनवणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही सैनिकाच्या शिरस्त्राणाच्या आतून दाखवतो, आणि आतून एवढंच दिसतं. यात तथ्य आहे. पहारा देणाऱ्याला मोबाइल काढणारा प्रत्येक माणूस संशयित दिसतो आणि चित्रपट तो संशय आपल्यातही भरतो. एक माणूस गच्चीवरून व्हिडिओ काढत असतो. तो शत्रू आहे की नुसता बघ्या, हे शेवटपर्यंत कळत नाही. सैनिकालाही कळत नाही. ही ताकदच आहे.

मात्र त्या शिरस्त्राणातून बाहेर पडायची संधी चित्रपटाला मिळाली होती. जेम्स रात्री एका घरात पिस्तूल घेऊन घुसतो. आत एक प्राध्यापक असतो. तो घाबरत नाही, इंग्रजीत नम्रपणे बोलतो, घरी आलेल्या पाहुण्याला बसायला सांगतो. त्याची बायको मात्र जेम्सला मारून हाकलते. ज्याच्या घरात परका सैनिक घुसला तो माणूस काय विचार करतो, हे कळायचं दार इथे उघडलं होतं. मिनिटाभरात ते बंद होतं. चित्रपटाचा हा दोष मी तांत्रिक चुकांहून मोठा मानतो.

एक जागा मात्र तुम्ही पुन्हा पाहावी. डीव्हीडी विकणाऱ्या पोराला सगळे बेकहॅम म्हणतात. जेम्स त्याच्याशी फुटबॉल खेळतो, जीव लावतो. पुढे एका मुलाच्या मृतदेहात बॉम्ब पेरलेला सापडतो आणि जेम्सला खात्री वाटते की हा तोच. सॅनबॉर्न आणि एल्ड्रिजला तशी खात्री नसते. नंतर बेकहॅम हसत समोर येतो, खेळायला बोलावतो, आणि जेम्स त्याच्याकडे न बघता निघून जातो. ज्याच्यासाठी तो जीव धोक्यात घालून बाहेर पडला, त्या मुलाचा चेहराच त्याने नीट पाहिलेला नव्हता. इराकींना चेहरा न देणाऱ्या चित्रपटाने इथे निदान नायकाचं आंधळेपण दाखवलं आहे. तुमच्या वर्गात यावर चर्चा घडवा. मला तुमची बाजू जास्त पटते, पण दुसरी बाजू मांडणाऱ्यालाही बोलायला मुद्दा आहे.

आपला 'उरी' याहून भारी नाही का? निदान आपल्या जवानांवर आहे.
*एक वाचक, सिडको*

आदित्य धर यांचा 'उरी' २०१९ मध्ये आला तेव्हा मीही पहिल्याच आठवड्यात पाहिला. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या छावणीवर हल्ला झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस आपण नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई केली, आणि त्या घटना ताज्या असताना हा सिनेमा आला. रात्रीच्या चढाईचं चित्रण, नटांची शारीरिक तयारी, आवाज, यांत आपल्या युद्धपटांनी एकदम वरची पायरी गाठली. विकी कौशलला आणि दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच.

कमतरता अशी, की नायकाचा मेहुणा उरीत मारला जातो आणि पुढची सगळी मोहीम त्या वैयक्तिक दुःखाच्या रंगात रंगते. सैनिक शेजारच्या खाटेवरच्या जवानासाठीही तेवढ्याच जिवावर उदार होतो. त्याला नात्याची गरज नसते. शिवाय मोहीम इतकी सुरळीत पार पडते, की मागे थांबलेल्यांच्या पोटात गोळा का येतो हे प्रेक्षकाला कळत नाही. 'भारी' कोणता हे मी ठरवणार नाही. अंगात बळ आणायला 'उरी' बघा, आणि काम म्हणजे काय ते कळायला 'हर्ट लॉकर'चा पहिला तास.

माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे द्राक्षबागांच्या कडेने धावतो. तुम्ही सांगितलात म्हणून तो सिनेमा पाहिला आणि आता म्हणतो, आई, मला जेम्ससारखं व्हायचंय, त्याला मरणाची भीतीच नाही. घरात यांना सांगितलं तर हसतात. मला रात्री झोप येत नाही. काय सांगू त्याला?
*एक आई, निफाड तालुका*

ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सिनेमा सुचवला मी, तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारीही माझी.

चित्रपटाची सुरुवातच पत्रकार क्रिस हेजेस यांच्या एका वाक्याने होते. युद्ध ही नशा आहे, असा त्याचा आशय. म्हणजे बनवणाऱ्यांना जेम्स हा आदर्श म्हणून दाखवायचा नाही, आजारी माणूस म्हणून दाखवायचा आहे. पण शेवटच्या दृश्यात तो पुन्हा सूट घालून रिकाम्या रस्त्यावरून चालत जातो, वर जोरकस रॉक संगीत वाजतं, आणि अठरा वर्षांच्या पोराच्या अंगावर काटा येतो. तुमच्या मुलाचं काही चुकलेलं नाही. चित्रपटानेच तिथे नशेचा सण करून दाखवला. त्याच्या दोषांमध्ये मी हाही धरतो.

म्हणून मुलाला शेवटची पंधरा मिनिटं तुमच्याशेजारी बसून पुन्हा दाखवा. जेम्स घरी येतो. बायको दुकानात नाश्त्याच्या धान्याचा डबा आणायला सांगते आणि तो डब्यांच्या लांबच लांब रांगेसमोर नुसता उभा राहतो. बॉम्बाची कुठली तार कापायची हे क्षणात ठरवणाऱ्याला डबा निवडता येत नाही. हे अगदी खरं आहे. रजेवर घरी आलो की पहिले काही दिवस भगूरच्या बाजारात माझंही तसंच व्हायचं. कोणी चार भाव सांगितले की डोकं चालेनासं व्हायचं, मग सौ. हातातली पिशवी काढून घ्यायची. पुढच्या प्रसंगात जेम्स बायकोला इराकमधल्या एका स्फोटाची हकिकत सांगतो, आणि ती ऐकून घेऊन त्याच्यापुढे चिरायला भाजी ठेवते. ती बाई मला फार आवडते. माणसाला घरात परत आणायचा याहून नेमका प्रयत्न मी पडद्यावर पाहिलेला नाही. तो फसतो, जेम्स पुन्हा ३६५ दिवसांसाठी निघून जातो. पाळण्यातला मुलगा मागे राहतो. मुलाला विचारा, त्याला यातलं कोण व्हायचंय.

दुसरं, त्याला सॅनबॉर्न दाखवा. भीती वाटणारा, तरी जागा न सोडणारा. बॉम्बाच्या बंडीची कुलपं तुटत नाहीत म्हणून एका माणसाला तसंच सोडून पळावं लागतं, त्यानंतर परतीच्या गाडीत सॅनबॉर्न रडतो. मला मुलगा हवाय, म्हणतो. मी मेलो तर रडायला कोण आहे, असं त्याचं दुःख आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपलो ते सगळे सॅनबॉर्नच्या जातीचे होते. भीती वाटत नाही म्हणणाऱ्या पोराला आम्ही आधी तोफेपासून लांबचं काम द्यायचो आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचो.

घरातले हसतात हे मात्र थांबवा. पोरगा मरणाविषयी बोलला की हसायचं नसतं. यांना म्हणावं, सुभेदारांनी सांगितलंय, एक दिवस त्याच्याबरोबर पहाटे धावायला जा. धावता येत नसेल तर सायकलवर जा. तो काय बोलतो ते तिथे कळेल.

आणि बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र त्याला सोडू देऊ नका. चार वर्षांच्या अग्निवीर नोकरीनंतर काही थोड्यांनाच कायम ठेवतात, उरलेल्यांना बाहेर येऊन काम शोधायचं असतं, तेव्हा शिक्षण लागतंच. तोफखान्यात अंतर, वारा, गोळ्यामागच्या दारूचं तापमान हे सगळं हिशेबात धरून तोफेचा कोन काढावा लागतो, आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या सॅपरला विजेचं सर्किट डोळे मिटून समजावं लागतं. धावणं तो करतोच आहे, त्याला संध्याकाळी तासभर वही घेऊन बसवा.